चेंबरमधले किडे

९ फेब्रुवारी, रविवार

रविवार असून ऑफिसचा कॉल. मधेच बाथरूममधून बाबांची हाक. बादलीत काहीतरी आहे म्हणे. लाल, केसासारखं बारीक. मी हेडफोन न काढताच सांगितलं, टॉवेलचा धागा असेल, नवा आहे, रंग सोडतो.

"धागा पोहत नाही, मंजू."

कॉल संपवून गेले तोवर बादली ओतून झाली होती. मला दाखवायला एक ग्लासात काढून ठेवला होता, तोही सापडेना. बाबा ग्लास खिडकीपाशी धरून फिरवत राहिले. जन्मभर कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. कुठलीही वस्तू वीतभर लांब धरून, एक डोळा बारीक करून बघायची सवय अजून आहे.

आई गेली, मग डिसेंबरात त्यांना नागपूरहून इथे कन्नड मुलखात, माझ्याकडे आणलं. मी सकाळी के. आर. पुरमहून मेट्रो पकडते, परत येईपर्यंत दिवे लागलेले असतात. मधला सगळा दिवस ते आणि हे घर. मागच्या आठवड्यात म्हणाले होते, दाराबाहेर कोणीतरी उभं असतं. कुरिअरवाला निघाला.

त्यामुळे असेल, आजचंही मी मनावर घेतलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसात असताना आमच्या अपार्टमेंटच्या सेक्रेटरीचा फोन. फार सभ्यपणे. अंकल हातात बाटली घेऊन मजल्यामजल्यावर बेल वाजवून राहिले. पाण्यात किडे आहेत म्हणून सांगून राहिले. लोक घाबरतात, मॅडम, जरा लक्ष ठेवा.

मीटिंग रूममध्ये उभं राहून सॉरी म्हटलं. कान गरम झाले होते.

घरी आल्यावर बाबांना बोलले. हवं होतं त्यापेक्षा जास्त. इथे असं चालत नाही, लोकांच्या दाराशी जायचं नाही, भाषा येत नाही काही नाही. ते सोफ्याच्या कडेला बसून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "बाटलीत होता तो. सेक्रेटरीने बाटली पाहिलीच नाही. माझ्याकडे पाहून राहिला होता."

अर्धी पोळी खाऊन उठले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दात घासून चूळ भरली आणि बेसिनमध्ये दिसला.

लाल. शिवणाच्या दोऱ्याहून बारीक, बोटाच्या पेराएवढा. आधी सरळ पडला होता. मग एका टोकाने उचलला गेला, गुंडाळला, सुटला. परत गुंडाळला. मी तोंड पुसायचं विसरून बघत राहिले. त्याच पाण्याने मी आत्ता चूळ भरली होती.

बाबांना हाक मारली. ते आले, वाकून पाहिलं. मला वाटलं आता म्हणतील, सांगितलं नव्हतं का. तसं म्हणाले नाहीत. नुसतं "हं" केलं आणि वाटी आणायला गेले. पण चालण्यात फरक होता. पाठ सरळ होती.

खालच्या मजल्यावरच्या शांताअक्कांकडे आम्ही वाटी घेऊन गेलो. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, घरी मराठी बोलतात, पण अर्धं कन्नड. त्यांनी चष्मा लावला. "आमच्याकडेही की, परवापासून. मी म्हटलं केस असेल गे. हे तर हुळ." हुळ म्हणजे किडा. बाबांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज जे पाहिलं ते लिहून ठेवावं की नाही कळत नाही. लिहिते.

सकाळी सेक्रेटरी, बाबा, मी, शांताअक्का, आणि प्लंबर नागराज. टाकी उघडली. जमिनीखालच्या टाकीला इथे सगळे संप म्हणतात. बाबांना पहिल्यांदा ऐकून वाटलं होतं कामगारांचा. त्यात वरून काही दिसेना. सेक्रेटरी म्हणाला, टँकर होसकोटेकडून येतो, तिथून आलं असेल. बाबा म्हणाले, शेजारचं ड्रेनेजचं चेंबर उघडा.

नागराजने पहारीने झाकण सरकवलं. वास आलाच. आत काळं, जाड पाणी, जवळजवळ न हलणारं. आणि भिंतीच्या कडेला, पाण्याच्या रेषेवर, मुठीएवढा लाल गोळा.

मला वाटलं मांस आहे. कोणीतरी मांसाचा तुकडा टाकला.

तो हलत होता. श्वास घेतल्यासारखा. सगळा पृष्ठभाग बारीक दोऱ्यांचा, आणि प्रत्येक दोरा डोलत होता. नागराजने वाकून टॉर्च मारला, उजेड पडला, आणि एका क्षणात सगळेच्या सगळे आत ओढले गेले. गोळा आकसून लिंबाएवढा झाला, गुळगुळीत. नागराजने टॉर्च विझवला. मग हळूहळू एकेक दोरा बाहेर आला, आणि पुन्हा डोलायला लागला.

नागराजला सवय असावी. तो म्हणाला, "गटर हुळ, सर. कॉमन्." बाजूला गाळात दुसरंच काहीतरी वळवळत होतं, करड्या रंगाचं, अळीसारखं, त्याला उंदरासारखी लांब शेपटी. शांताअक्का पदर तोंडाला लावून घरी गेल्या.

बाबा मात्र खाली वाकले होते ते वाकलेलेच. मी दंडाला धरलं. हात गार होता.

"एकच जीव वाटतो ना," म्हणाले. "पण नाही. हजार आहेत. आणि सगळ्यांना एकदम कळतं."

दुपारी नेटवर शोधलं. गाळातले किडे. डोकं चिखलात खुपसून राहतात, शेपूट वर, तिनेच श्वास. जिथे हवा जवळजवळ नसते, दुसरं काही जगत नाही, तिथे हे. लाल रंग रक्ताचा, आपल्या रक्तात असतो त्याच जातीचा. फिशटँकवाले माशांना खायला घालतात. दुसरी ती शेपटीवाली अळी, तिची शेपूट म्हणजे श्वासाची नळी, हवी तेवढी लांब होते. मोठी झाली की माशी होऊन उडून जाते.

हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. माणसाच्या अंगात राहत नाहीत, हेही वाचलं. तेव्हा त्यांनी विचारलं नव्हतं. मीच वाचलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं. चेंबरपासून जाणारा जुना पाइप संपच्या भिंतीला लागून तडकला होता. घाण पाणी भिंतीतून आत झिरपत होतं, किती दिवस कोण जाणे. बाबांनीच नागराजला तिथे खणायला लावलं. ओली माती पाहून सांगितलं म्हणे.

टाकी उपसली, घासली, ब्लीचिंग. पाइप बदलला. सेक्रेटरी घरी आला, बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला. माफी मागितली नाही, पण बराच वेळ बसला. चहा घेतला. लिफ्टमध्ये आता सगळे अंकल अंकल करून राहिले.

बाबा हसले आज. आई गेल्यानंतर पहिल्यांदा, दात दिसेपर्यंत.

२३ फेब्रुवारी, रविवार

चांगला दिवस. बाबांनी स्वतः पाटवडीचा रस्सा केला. तिखट इतकं की शांताअक्कांच्या डोळ्यांतून पाणी. "स्वल्प कमी घालायचं की, अण्णा," म्हणत दोनदा घेतला. दादाचा पुण्याहून फोन, बाबांनी त्याला चेंबरची सगळी गोष्ट सांगितली, गोळ्याचं वर्णन करताना हाताची मूठ आवळून दाखवत होते. फोनवर त्याला काय दिसणार.

बोलताना डावा हात खाजवत होते. मनगटाच्या वर. ब्लीचिंगचं पाणी असेल.

४ मार्च, मंगळवार

बाबांनी हळदकुंकवाची छोटी डबी पुढे केली. आईची. आत कापसाचा पातळ थर आणि त्यावर काहीतरी.

"पाहा."

पाहिलं. कोरड्या कातडीची साल. एक काळा कण. लाल लोकरीचं कुसळ, त्यांच्याच मफलरचं.

"आज सकाळी निघाले. इथून." डावा हात. ओरखडे होते, आणि एका जागी खपली.

मी म्हटलं, बाबा, हे लोकर आहे.

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. शाळेत उत्तर चुकलं की बघायचे तसे. "किती दिवस आंघोळ केली आपण त्या पाण्याने? कुठे गेले असतील ते सगळे?"

९ मार्च, रविवार

काल त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण बाई, चांगली होती. भिंग लावून दोन्ही हात, पाठ, पोटऱ्या, सगळं पाहिलं. डबीही पाहिली, घाई न करता. काही नाही. कोरडी त्वचा, खाजवून झालेल्या जखमा. मलम दिलं.

रिक्षाने परत निघालो. के. आर. पुरमच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा म्हणाले, "तिने पाहिलं, पण दिवा लावून पाहिलं."

मी विचारलं, मग?

"उजेड पडला की आत जातात ना. तू पाहिलं आहेस."

मी सगळं परत सांगितलं. ते गाळात राहतात. अंगात राहू शकत नाहीत. एवढी माणसं आहेत अपार्टमेंटमध्ये, कोणाला काही झालं नाही. रिक्षावाला आरशातून बघत होता.

"तेव्हाही तू धागाच म्हणाली होतीस," बाबा म्हणाले.

 

१५ मार्च, शनिवार

सकाळी उठले तर घरभर ब्लीचिंगचा वास. बाथरूमचं दार आतून बंद. पाण्याचा आवाज. हाका मारल्या. "झालंच, झालंच."

उघडलं तेव्हा बनियन भिजलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, सोलवटलेले. टाकी धुऊन उरलेली पावडर नागराजकडून मागून आणली होती. बादलीत कालवून हात बुडवून बसले होते.

नळाखाली धरले हात. किती तरी वेळ. मी रडत होते, ते मला समजावत होते. "रडू नको ना, बापा. टाकी साफ केली तशीच. चार वेळा केलं की संपतील."

दवाखान्यात ड्रेसिंग केलं. तिथल्या नर्सने विचारलं कसं झालं. मी म्हटलं, साफसफाई करताना. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान हलवली. हो, साफसफाई.

आता पावडर, फिनेल, सगळं ऑफिसच्या बॅगेत घालून घेऊन जाते. सिक्युरिटीवाला रोज हसतो.

१९ मार्च, बुधवार

ऑफिसात. डेमो चालू असताना दंडाला काहीतरी हललं. आतून.

वॉशरूममध्ये जाऊन बाही वर केली. काही नाही. अर्थातच काही नाही. दिवा बंद करून, दाराच्या फटीच्या उजेडात परत पाहिलं. हे मी का केलं.

पाण्याची बाटली अर्धी तशीच टाकून आले.

२२ मार्च, शनिवार

बाबांच्या पट्ट्या बदलताना हात धरला त्यांचा. मनगटाखाली नाडी उडत होती. ते म्हणाले, "आत्ता थांबले बघ. तू हात लावला की सगळे थांबतात. म्हणून तुला कधी सापडणार नाहीत."

इतक्या मायेने म्हणाले.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी बाल्कनीत उभी केली. आईची पैठणी. बाबांनीच काठीला बांधली, बोटं नीट चालत नाहीत पट्ट्यांमुळे, तरी गाठ पक्की.

शांताअक्का ताटलीत कडुनिंब आणि गूळ घेऊन आल्या, इथल्या पद्धतीचं. बाबांनी गूळ बाजूला केला आणि पाला तेवढा खाल्ला. मूठभर. परत मागितला. अक्कांनी हसत दिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि हसणं थांबलं. बाबा चावत होते, डोळे मिटून, घाम आला होता. गोडासाठी आतले बाहेर येतात, कडूने मरतात, असं काहीतरी म्हणाले.

ते झोपल्यावर अक्का बसल्या माझ्याजवळ. मी सगळं सांगितलं. पहिल्यांदा कोणाला तरी. दादालाही सांगितलं नव्हतं, तो म्हणेल इकडे पाठवून दे, आणि पाठवणार नाही म्हटलं की म्हणेल बघ मग तूच.

अक्कांना धक्का बसला नाही. "माझी जाऊ होती, तिच्या कानात कोणीतरी बोलायचं. आम्ही तिला नाही, नाही, म्हणत राहिलो. वर्षानुवर्षं. नाही म्हटलं की तिला अजून एकटं वाटायचं." मग म्हणाल्या, "हुळ नाही. पण अण्णांना चावतं ते खरं की."

मग हलकेच, "डॉक्टर बघू गे. ते डोक्याचे. माझ्या ओळखीचे आहेत."

३ एप्रिल, गुरुवार

गेलो. बाबांना कुठल्या डॉक्टरांकडे जातोय ते मी सांगितलं नव्हतं. बाहेरची पाटी वाचून थांबले. मला वाटलं परत फिरतील.

"वेड लागलं म्हणते तू मला?"

मी म्हटलं, नाही. मला भीती वाटते म्हणून आणलं.

"तुझी भीती घालवायला जायचं?"

हो.

"मग चल."

डॉक्टर हुबळीकडचे, पिकलेले केस, मराठी चांगलं समजतं. चेंबरची गोष्ट पूर्ण ऐकली. मधेच प्रश्नही विचारले, गोळा केवढा होता, रंग कसा. बाबा खुलले. मग डॉक्टर म्हणाले, "खाज खरी आहे. आतलं वळवळणं खरं आहे, तुम्हाला जाणवतं ते खोटं नाही. कारणावर तुमचं माझं पटणार नाही. ते राहू दे. एक गोळी आहे, अशा वळवळण्याला लागू पडते. घेऊन बघता?"

बाबांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला, फिरवून पाहिला. मग विचारलं, "किड्यांवरची गोळी आहे का?"

"नाही. खोटं सांगणार नाही. मेंदूवरची आहे."

"बरं," बाबा म्हणाले. "खरं सांगितलं तुम्ही. घेतो."

बाबांना बाहेर बसवून डॉक्टर मला म्हणाले, पुरावे देत बसू नका. आहेत म्हणू नका, नाहीत म्हणू नका. विषय त्यांनी काढला तर ऐका. आणि तुमची झोप कशी आहे? ठीक, म्हटलं मी.

१२ एप्रिल, शनिवार

झोपतात. फार झोपतात. जेवताना घास हातात धरून थांबतात. पेपर उघडा, पान तेच. हातावरच्या जखमा भरून आल्या. गुलाबी, नवी कातडी.

डबी कपाटात आहे. उघडत नाहीत. मी उघडून पाहिली. कापूस, कुसळ. कुसळ मी चिमटीत धरून बघत राहिले, मग परत कापसावर ठेवून दिलं.

मी अजून नळाचं पाणी ग्लासात घेतलं की खिडकीपाशी जाते. नकळत. बाबांसारखंच.

२० एप्रिल, रविवार

सेक्रेटरी आला होता. वरच्या मजल्यावर पाण्याला वास येतोय, अंकलनी एकदा बघावं.

बाबा खुर्चीतून उठले नाहीत. "नको. मला नका विचारू."

"अंकल, तुम्हालाच कळतं."

"मला कळतं ते खरं असतं की नाही, ते मलाच माहीत नाही आता," म्हणाले. हिंदीत. सेक्रेटरीला नीट समजलं की नाही कोण जाणे. तो गेला.

गोळीने काय काय नेलं, असा विचार दिवसभर. खाज नेली. अजून काय. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले मात्रा कमी करू, सुस्ती उतरेल. घाई नको.

४ मे, रविवार

कालपासून मधेच पाऊस. सकाळी बाथरूममध्ये पाणी तुंबलं होतं, फरशीच्या जाळीतून उलटं वर आलेलं. बाबा बाल्कनीत. मी खराटा घेऊन वाकले आणि जाळीपाशी

एक. लाल. वळवळत.

आधी वाटलं, हा माझा. म्हणजे मला दिसतोय तो. डोळे मिटले, उघडले. होता.

वाटीने उचलून पाण्यासकट खाली सोडून दिला असता तर कोणाला कळलं नसतं. जाळीवर पाय ठेवून उभी राहिले होते. डॉक्टर म्हणाले होते विषय काढू नका. आत्ता कुठे झोपायला लागले, जेवायला लागले. कमी मात्रेने चेहऱ्यावर जरा तरतरी येतेय.

पण मग मला पुढे काही विचारलं तर? काही नाही बाबा, धागा. परत?

हाक मारली. आवाज कसा निघाला माझा, ते लगेच आले. मी बोट दाखवलं.

वाकले. एक डोळा बारीक. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, किड्याकडे नाही.

"हो," म्हणाले. "तोच." उभे राहिले. "चेंबर चोकअप झालं असेल पावसाने. टाकीचा संबंध नाही, जाळीतून आलाय. नागराजला फोन कर."

बस. हातांकडे पाहिलंही नाही. नागराज आला, झाकण उघडलं, बाबा छत्री घेऊन बाजूला उभे. मी वरून बाल्कनीतून बघत होते. खाली गोळा होता की नाही, मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

जेवताना म्हणाले, "हाक मारली ते बरं केलं."

१८ मे, रविवार

बाबांना नागपूरला परत जायचंय. आज सरळच काढलं. घर बंद आहे, वाळवी लागेल, तिथलं पाणी माहितीचं आहे. एकटे? हो, एकटे. शेजारी आहेत ना.

दादा फोनवर म्हणाला, जाऊ दे ना, बरे झालेत. तू का अडवते? डॉक्टर म्हणाले, गोळी बरेच महिने चालू ठेवावी लागेल, तिथे कोण बघणार ते ठरवा.

पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात रोज. उकाडा एवढा आहे, नागपूरकराला काय उकाडा म्हणा. मनगटाची बटणं लावलेली. मी धुवायला कपडे घेताना बाह्या उलट्या करून बघते. रक्ताचा डाग नाही. एखाददुसरा ठिपका असतो, तो चहाचाही असेल.

माझ्या दंडावर मात्र ओरखडा आहे. झोपेत झाला असणार.

२४ मे, शनिवार

शांताअक्कांना विचारलं, तुमची जाऊ पुढे बरी झाली का. अक्का भाजी निवडत होत्या. "औषध घेऊन राहिली चांगली. म्हातारी झाली. लग्नकार्यात यायची, हसायची." देठं बाजूला टाकत म्हणाल्या, "शेवटपर्यंत कोणी बोललं की आधी स्वल्प थांबायची. दुसरं कोणी आधी बोलतंय ते ऐकून घ्यायची, मग आपलं ऐकायची."

मी म्हटलं, म्हणजे आवाज गेलेच नव्हते?

"कोण विचारणार गे. ती स्वयंपाक करायची, मुलं मोठी केली. आम्ही विचारलं नाही."

१ जून, रविवार

तिकीट काढलं. बाबांचं. येतानाचं पण काढलंय, ते त्यांना आवडलं नाही, पण सरी म्हणाले, म्हणजे बरं. सरी. इथलं शिकले.

सकाळी बाल्कनीत बसलो होतो दोघं. चांगलं ऊन. त्यांनी आपणहून गोळी घेतली, रिकामं पाकीट मला दाखवून घडी करून ठेवलं. मी विचारायचं नाही असं ठरवून विचारलं.

"गेले का, बाबा?"

समोरच्या इमारतीवर कोणीतरी चादर वाळत घालत होतं. ते तिकडेच बघत होते. "डॉक्टरला सांगितलं, गेले. दादालाही सांगितलं."

 हात आपोआप दंडावर गेला होता माझा, बाहीच्या आत, ते माझ्या लक्षात नव्हतं. त्यांच्या आलं.

"आण इकडे."

नको म्हटलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, माझी बाही वर केली, कोपर तळहातावर घेतलं आणि दंड उन्हाकडे फिरवला. एक डोळा बारीक. ओरखड्यावरून अंगठा फिरवला, थांबले, परत फिरवला. मग हाताची सावली धरून त्या सावलीत पाहिलं. मी श्वास धरून बसले होते. खरंच धरून. रिपोर्टची वाट बघतात तशी.

बऱ्याच वेळाने बाही खाली केली. कफ नीट बसवला.

"तुझ्यात नाहीत," म्हणाले.

मला रडू आलं, सुटल्यासारखं, आणि त्याच वेळी कळलं की त्यांनी पाहून सांगितलं म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं.

"आणि तुमच्यात?"

त्यांनी आपल्या मनगटाची बटणं चाचपली, दोन्ही, आधी डावं, मग उजवं.

"चहा ठेव," म्हणाले. "साखर नको. कडूच बरा."